जगाचा कारभार आणि चिठ्ठ्या पोचवणाऱ्या मुली

"चिठ्ठ्या पोचवायला आठ मुली हव्यात. शिस्तीच्या आणि चटपटीत." खालापूर तालुक्यातल्या एका निवासी इंग्रजी शाळेतून २०२४च्या डिसेंबरात असा निरोप आमच्या संस्थेत आला. निरोप देणाऱ्या बाई मनाने चांगल्या होत्या. त्यांच्या शाळेत तीन दिवसांचा 'मॉडेल युनायटेड नेशन्स' भरणार होता, मुंबई-पुण्याच्या शाळांतली मुलं येणार होती, आणि इथल्या मुलींनाही त्या निमित्ताने काही पाहायला मिळेल असं त्यांना खरंच वाटत होतं. मलाही तसंच वाटलं. म्हणून कर्जत तालुक्यातल्या आमच्या वसतिगृहातल्या आठ जणी घेऊन मी गेले. सगळ्या अकरावी-बारावीच्या. पाच ठाकर, दोन कातकरी, एक आगरी.

ज्या मैत्रिणींनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. अभिरूप न्यायालय असतं, अभिरूप संसद असते, तसा हा अभिरूप राष्ट्रसंघ. अमेरिकेतल्या विद्यापीठांत १९२०च्या दशकात, म्हणजे आजचा संयुक्त राष्ट्रसंघ जन्मायच्याही आधी, ही पद्धत सुरू झाली. प्रत्येक मुलाला एक देश मिळतो. समोर देशाच्या नावाची पाटी. त्या देशाच्या सरकारचं म्हणणं अभ्यास करून मांडायचं. आपलं स्वतःचं मत सांगायचं नाही. 'मी' हा शब्दच वर्ज्य! 'मला वाटतं' म्हटलं की अध्यक्ष टोकतात. 'तुवालूचं म्हणणं असं आहे' असं म्हणायचं. भाषणं चालू असताना आपसात बोलायचं नाही, म्हणून एका देशाने दुसऱ्या देशाला चिठ्ठी लिहायची, आणि ज्यांना कुठलाच देश नाही अशा कुणीतरी ती पोचवायची. शेवटी ठराव, मतदान आणि बक्षिसं.

तर आमच्या आठ जणींना कुठलाच देश नव्हता. गळ्यात पट्टा आणि त्यावर 'स्वयंसेवक'.

विषय होता हवामानबदलामुळे विस्थापित होणारी माणसं. मुलं तयारी करून आली होती, हे कबूल करायला हवं. तुवालू झालेल्या मुलीने ऑस्ट्रेलियाबरोबर २०२३ साली झालेल्या कराराची माहिती दिली. समुद्र वाढत चाललाय म्हणून दरवर्षी २८० तुवालूवासीयांना ऑस्ट्रेलियात राहायला जाण्याची वाट त्या कराराने मोकळी केली आहे. मालदीव बोलला, बांगलादेश बोलला, नेदरलँड्स बोलला. मला पुष्कळ नवं कळलं.

संध्याकाळी टेम्पोतून परतताना आमच्यातली एक म्हणाली, "ताई, त्या हॉलच्या खिडकीतनं इर्शाळ दिसत होता."

मी तीन दिवस त्याच हॉलमध्ये बसले होते. मी खिडकीकडे पाहिलंच नव्हतं. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतल्या ठाकरांच्या इर्शाळवाडीवर डोंगर आला. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं मिळालीच नाहीत, आणि २३ जुलैला शोध थांबवण्यात आला. आमच्या पाच ठाकर मुलींपैकी दोघींचं नात्यातलं कुणी ना कुणी त्यात होतं. हवामानामुळे घरदार जाणं म्हणजे काय हे त्या हॉलमध्ये ज्यांना सगळ्यांत जवळून माहीत होतं, त्या चिठ्ठ्या पोचवत होत्या.

त्या मुलांचा राग मला आला नाही. पंधरा-सोळा वर्षांची पोरं, त्यांना जे कागद वाचायला दिले ते त्यांनी वाचले. राग आला तो स्वतःचा. 'मुलींना काही पाहायला मिळेल' म्हणून मी त्यांना पाणी देण्या-आणण्याच्या जागी नेऊन बसवलं होतं, आणि वर उपकार झाल्यासारखं वाटून घेतलं होतं.

तेवढ्यात आमच्यातली एक अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "दोन चिठ्ठ्या मी उघडून वाचल्या."

"काय होतं त्यात?"

"एकीत, जेवण किती वाजता आहे. दुसरीत, तू माझ्या ठरावाला हात वर कर, मी तुझ्या ठरावाला करते." मग थोडं थांबून, "आमच्या ग्रामपंचायतीत असंच असतं."

टेम्पोत सगळ्या हसल्या. मला मात्र वाटलं, राष्ट्रसंघाचं कामकाज हिला तीन दिवसांत समजलं. आणि हिला सामान्य ज्ञानात कच्ची म्हणून गेल्या चाचणीत पस्तीसपैकी नऊ गुण मिळाले आहेत!

सामान्य ज्ञान हा आमच्या भागात मोठा जिव्हाळ्याचा विषय आहे. पोलीस भरती, तलाठी भरती, वनरक्षक. पहाटे पाच वाजता कशेळे-कडाव रस्त्यावर मुली धावताना दिसतात आणि रात्री वसतिगृहात घोकंपट्टी चालते. संयुक्त राष्ट्रसंघाची स्थापना? २४ ऑक्टोबर १९४५. मुख्यालय? न्यूयॉर्क. सदस्य? १९३. उत्तरं बिनचूक येतात. पण तिथे बसून ही १९३ माणसं करतात काय, आणि केलं तर आपल्याला त्याचं काय, हा प्रश्न गाइडमध्ये नसतो. म्हणून तो कुणी विचारत नाही.

आणि काय गंमत आहे पाहा, जग आमच्या तालुक्यांतून कायमच येत-जात राहिलं आहे. बोरघाटातून रेल्वे सुरू झाली १८६३ साली, अमेरिकेत यादवी युद्ध ऐन भरात असताना. तिकडचा कापूस बंद पडला म्हणून इंग्रजांच्या गिरण्यांना इकडचा कापूस हवा होता, मुंबईच्या व्यापाऱ्यांची चांदी झाली, आणि घाटमाथ्यावरून माल उतरू लागला तो कर्जतवरून. तो घाट फोडणाऱ्या मजुरांत बायाही होत्या. ते युद्ध कुठे चाललंय हे त्यांना कुणी सांगितलं असेल?

इतकं मागे कशाला जायचं? २०२२च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि बाजारात सूर्यफुलाच्या तेलाची पिशवी महाग झाली, कारण आपलं बहुतेक सूर्यफूल तेल त्या दोन देशांतून येतं. पाठोपाठ २८ एप्रिलला इंडोनेशियाने पामतेल बाहेर पाठवणं बंद केलं, ते साधारण साडेतीन आठवडे बंद राहिलं. आमच्या बचतगटाच्या बैठकीत त्या महिन्यात तेलाशिवाय दुसरा विषय नव्हता. दुकानदाराला शिव्या देऊन झाल्या, सरकारला देऊन झाल्या. युक्रेनचं नाव एकीनेही काढलं नाही, आणि मीही काढलं नाही. मी एम.एस.डब्ल्यू. झालेली बाई. मला माहीत होतं. पण 'बायकांना हे कशाला' असं मनात कुठेतरी होतंच की! पुरुषांच्या पारावर युद्धाच्या गप्पा रंगतात, निदान त्या आव आणून रंगतात. बायकांच्या बैठकीत कार्यकर्तीच तो विषय आणत नाही.

माझ्या स्वतःच्या शिक्षणाचीही गोष्ट सांगते. 'सीडॉ' करार, म्हणजे स्त्रियांविरुद्धचे सर्व प्रकारचे भेदभाव नष्ट करण्याचा १९७९चा आंतरराष्ट्रीय करार, आम्हाला पदव्युत्तर वर्गात पाच गुणांच्या टिपेसाठी होता. मी ती टीप लिहिली, पाच मिळवले आणि विसरले. राजस्थानात भंवरीदेवीने 'साथिन' म्हणून एक बालविवाह अडवायचा प्रयत्न केला, त्याचा सूड म्हणून १९९२ साली तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला, हे मला ठाऊक होतं. त्यातून उभ्या राहिलेल्या विशाखा खटल्याचा निकाल १९९७ साली लागला हेही ठाऊक होतं. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाबद्दल तेव्हा आपल्याकडे कायदा नव्हता, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ज्या कागदांचा आधार घेतला त्यात हाच पाच गुणांचा करार होता, हे मात्र नोकरीला लागून सहा वर्षं झाल्यावर एका शिबिरात कळलं. न्यूयॉर्कमध्ये मंजूर झालेला कागद, भारताने १९९३ साली त्याला मान्यता दिली, आणि चार वर्षांनी तो राजस्थानातल्या एका कुंभार बाईच्या बाजूने उभा राहिला. एवढी लांबची वाट. ही वाट मुलींना दाखवायची नाही आणि 'सदस्य किती?' विचारत बसायचं, याला ज्ञान कसं म्हणायचं?

म्हणून मी असं म्हणणार नाही की हा खेळ श्रीमंतांच्या पोरांचा आहे, तो त्यांनाच लखलाभ असो. आमच्या चळवळीतल्या काही जणींचं तसं मत आहे, आणि मला ते पटत नाही. जगाच्या टेबलाशी बाई बसली तेव्हा कागदावरचा शब्द बदलला, हे घडलेलं आहे. १९४५ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेवर सह्या झाल्या तेव्हा सही करणाऱ्यांत चार बाया होत्या. फक्त चार. त्यातल्या ब्राझीलच्या बर्था लुट्झ यांनी तिथे भांडून स्त्री-पुरुष समतेचा उल्लेख सनदेत आणायला लावला. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा तयार होत होता तेव्हा पहिल्या कलमात इंग्रजीत 'सगळे पुरुष जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत' अशा अर्थाचे शब्द होते. मुंबईतून घटना समितीवर गेलेल्या आपल्या हंसाबेन मेहता तिथे भारताच्या प्रतिनिधी होत्या. 'पुरुष' म्हटलं की माणूसच समजतात, असं त्यांना सांगण्यात आलं. त्या हटल्या नाहीत. १९४८ साली जाहीरनामा झाला तो 'सर्व माणसं' या शब्दांनी. मराठीत आपण 'बाईमाणूस' म्हणतो, तेव्हा नुसतं 'माणूस' म्हणजे कोण हे आपल्याला निराळं सांगायला नको! आणि त्याच्याही कितीतरी आधी, १८८८ साली वॉशिंग्टनला स्त्रियांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली तेव्हा आपल्या पंडिता रमाबाई तिथे बोलल्या होत्या, आणि परतल्यावर अमेरिकेतली लोकस्थिती त्यांनी मराठीत पुस्तक लिहून आपल्या माणसांना सांगितली. मराठीत! हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

कारण आजचा हा शाळांमधला खेळ इंग्रजीतच चालतो. मराठीत शब्द आला की मुलं एकमेकांकडे पाहून हसतात. आता खऱ्या राष्ट्रसंघात काय चालतं? तिथे सहा अधिकृत भाषा आहेत आणि कानाला यंत्र लावून प्रत्येक जण आपल्याला कळेल त्या भाषेत ऐकतो. त्या सहांत नसलेली भाषासुद्धा बोलता येते, भाषांतराची सोय तेवढी आपण करायची. १९७७ साली अटलबिहारी वाजपेयी परराष्ट्रमंत्री असताना तिथे हिंदीत बोलले ते असंच. म्हणजे खऱ्याखुऱ्या राष्ट्रसंघात भाषा ही अडचण मानून दुभाषी ठेवतात, आणि त्याची नक्कल करणाऱ्या शाळेत भाषा हीच पात्रता! त्यात भर म्हणजे प्रवेशाचे पैसे आणि कोट. हो, कोट लागतो. मुलींनाही.

तर आम्ही आमचा खेळ मांडला. २०२५चा पावसाळा, भातलावणी आटोपल्यावरचे सहा रविवार. चोवीस मुली, बारा देश, एका देशाला दोघी. मुली त्याला 'देश-देश' म्हणू लागल्या, घर-घर म्हणतात तसं. विषय मी निवडला: सीडॉ करारातलं सोळावं कलम, लग्न आणि कुटुंब. त्यातलं दुसरं उपकलम सांगतं की बालविवाहाला कायदेशीर परिणाम असू नये, लग्नाचं किमान वय ठरवावं आणि लग्नाची नोंदणी सक्तीची करावी. दोन्ही तालुक्यांच्या पाड्यांवर जी काम करते तिला हा विषय का, ते सांगायला नको.

तयारीतच मजा होती. ज्या देशाबद्दल फक्त राजधानी आणि चलन पाठ होतं त्याच्याबद्दल मुली भांडू लागल्या. अमेरिकेने १९८० साली करारावर सही केली पण त्याला मान्यता मात्र दिलेलीच नाही, हे कळल्यावर अमेरिका झालेल्या दोघी हिरमुसल्या. त्यांना वाटलं होतं आपल्याला सगळ्यांत भारी देश मिळाला. जपानमध्ये लग्न झाल्यावर नवरा-बायकोला एकच आडनाव घ्यावं लागतं, बहुतेक सगळ्या बायकाच आपलं सोडतात, आणि हा कायदा बदला असं सीडॉच्या समितीने २०२४ साली पुन्हा एकदा जपानला सांगितलं, हे वाचून एकच गलका झाला. "आमच्या गावात तर ताटात तांदूळ पसरून नवं नावच लिहितात, ते बदला म्हणून कुणी सांगितलं नाही!"

ही जपान म्हणजे वसतिगृहातली सगळ्यांत अबोल मुलगी. दोन वर्षांत बैठकीत तिचा आवाज मी ऐकला नव्हता. हजेरीलाही नुसता हात वर. त्या दिवशी ती उभी राहिली आणि पाटी दोन्ही हातांनी धरून सलग चार मिनिटं बोलली. कशी बोललीस, असं नंतर विचारलं तर म्हणाली, "मी कुठे बोलले? जपान बोलला."

हे मला अनपेक्षित होतं. त्या निवासी शाळेत 'मी' म्हणायची बंदी मला खोटी वाटली होती, माणसाला सरकारचं भोंगं करून टाकणारी. पण ज्यांना कधी 'मी' म्हणू दिलेलंच नाही त्या मुलींना पाटीचा आडोसा मिळाला. शिमग्याला सोंग घेतलेला गडी पाटलाच्या दारात जाऊनही वाटेल ते बोलतो, कारण बोलतं ते सोंग. आपल्याकडे सोंगंसुद्धा पुरुषांचीच, बाईचं सोंगही बाप्याच घेणार. पोरींना ही मुभा कधी नव्हती. आणखी एक सांगायचं म्हणजे घाना काथोडीतून बोलली. काथोडी तिच्या घरची भाषा, आणि शेजारी बसलेली दुसरी घाना वाक्यागणिक मराठीत सांगत होती. शाळेत जी भाषा बोललं की पोरं चिडवतात तिला त्या दिवशी दुभाषी मिळाली.

पण त्या आडोशाची दुसरी बाजूही त्याच दुपारी दिसली.

भारत उभी राहिली. कातकरी मुलगी, बारावीतली, वाचणारी, चिठ्ठ्या पोचवायला गेलेल्या आठ जणींपैकी. भारताने १९९३ साली करार मान्य करताना काही म्हणणं लिहून दिलेलं आहे, ते तिला वाचायचं होतं. लग्नाची नोंदणी सक्तीची असावी हे तत्त्व भारताला पूर्ण मान्य आहे; परंतु भारतासारख्या विशाल देशात चालीरीती, धर्म आणि साक्षरतेची पातळी वेगवेगळी असल्यामुळे ते व्यवहार्य नाही. असा त्याचा भावार्थ. 'साक्षरतेची पातळी' इथपर्यंत आली आणि ती थांबली.

"हे कधी लिहिलंय, ताई?"

"१९९३ साली."

"तेव्हा माझी आई सहा वर्षांची होती. भट्टीवर होती, शाळेत नव्हती." मग कागदाकडे बघत, "म्हणजे हे तिच्यामुळे लिहिलंय?"

मला उत्तर सुचलं नाही. मी अध्यक्ष होते, म्हणून अध्यक्षाने म्हणायचं ते म्हणाले, "भारताने आपलं निवेदन पूर्ण करावं." तिने केलं. शेवटपर्यंत वाचलं, न अडखळता. लगेच नेपाळने हात वर केला: आम्ही १९९१ साली कुठलीही अट न घालता हा करार मान्य केला, आमच्याकडे तेव्हा तुमच्यापेक्षा जास्त लोकांना लिहिता-वाचता येत होतं का? (येत नव्हतं. नेपाळची साक्षरता तेव्हा आपल्यापेक्षा बरीच कमी होती. मुलींनी ते आकडे शोधून ठेवले होते.) भारताजवळ उत्तर नव्हतं. तिने एक मिनिट 'मी' म्हणून बोलायची परवानगी मागितली. मी नाही म्हटलं. नियम तो नियम! ती खाली बसली.

त्या नकाराची मला आजही लाज वाटते. खेळात मी इतकी रंगले होते की त्या निवासी शाळेतल्या अध्यक्षासारखीच वागले. रात्री जेवताना मुलींनीच बैठक घेतली आणि नियम बदलला. आता आमच्याकडे शेवटचा अर्धा तास सगळ्यांनी पाट्या पालथ्या घालायच्या, आणि जिला हवं तिने 'मी' म्हणून बोलायचं. बोलायलाच हवं अशी सक्ती नाही. जपान अजून त्या अर्ध्या तासात गप्पच असते.

भारत झालेली मुलगी दुसऱ्या दिवशी पालथ्या पाटीवर हात ठेवून बोलली ते बहिणीबद्दल. बहिणीचं लग्न सोळाव्या वर्षी पाड्यावरच लागलं. दिवाळीनंतर जोडपं भट्टीवर गेलं, तिसऱ्या वर्षी नवऱ्याने तिथेच दुसरी बाई ठेवली आणि हिला लेकरासकट माहेरी धाडलं. पोटगीसाठी दाद मागायला गेल्यावर पहिला प्रश्न आला, लग्नाचा पुरावा काय? पत्रिका नव्हती, फोटो नव्हता, नोंद तर नव्हतीच. दुसरे पुरावे कायद्याला चालतात, साक्षीदार चालतात, हे मी सांगितलं. ती म्हणाली, "चालतात, पण ते गोळा करायला तिने किती खाडे करायचे?"

आता यात साधं सरळ काही नाही, हेही मुलींच्या लक्षात आलं. महाराष्ट्रात विवाहनोंदणीचा १९९८चा कायदा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सगळ्या राज्यांना नोंदणी सक्तीची करायला सांगितलं. म्हणजे जे जगाला 'व्यवहार्य नाही' म्हणून सांगितलं ते घरात आपण करूही लागलो, तिकडचा कागद मात्र तसाच आहे. सीडॉच्या समितीने भारताच्या प्रत्येक तपासणीत, २००० साली, २००७ साली, २०१४ साली, ते म्हणणं मागे घ्यायचा आग्रह धरला. पण सक्ती खरोखर झालीच तर सोळाव्या वर्षी लग्न झालेल्या बहिणीचं काय? तिची नोंद करायला जावं तर गुन्हा उघड होतो. म्हणून कुणी जात नाही, आणि जिला कागदाची सगळ्यांत जास्त गरज तीच कागदाविना राहते. ब्राझील म्हणाली, आधी वय पाळायला लावा, मग नोंदणी. बांगलादेश म्हणाली, तोवर ज्यांची झाली त्यांचं काय? ठराव झालाच नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही.

आमच्याच एका ज्येष्ठ कार्यकर्तीने मला सुनावलं, की सहा रविवार तुम्ही जपान आणि घाना करत बसलात, तेवढ्या वेळात रोजगार हमीचे किती अर्ज भरून झाले असते! त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. अर्ज भरायचे राहिले, ते नंतर रात्री जागून भरावे लागले. पण इतकी वर्षं आपण पाड्यावरच्या मुलींना फक्त त्यांच्या गरजांबद्दल बोलायला शिकवलं: पाणी, रेशन, जातीचा दाखला. गरजा सांगणारी बाई सभेला आवडते. ती घाबरवत नाही. युद्ध कुणी केलं, करारावर कुणी काय लिहून दिलं, मत कुणी कशाच्या बदल्यात विकलं, हे विचारणारी बाई निराळी असते. संयुक्त राष्ट्रसंघाला २०२५ साली ८० वर्षं झाली, तोवर एकही बाई सरचिटणीस झाली नव्हती. आमसभेच्या अध्यक्षपदी १९५३ साली विजयालक्ष्मी पंडित आल्या त्या पहिल्या, आणि २०२५पर्यंत सगळ्या मिळून पाच. जी उतरंड ग्रामपंचायतीत तीच तिथे. आमच्या मुलीने एक चिठ्ठी उघडून ते ओळखलंच होतं.

मला भीती आहे ती निराळी. देश-देश खेळता खेळता आमच्या मुली गोड बोलून मतं जमवायला शिकतील, आणि तेवढंच शिकतील. नेपाळ आणि स्वीडनने मागच्या वेळी ते करून दाखवलं! बक्षीस आम्ही ठेवत नाही, तरी 'सगळ्यांत भारी देश कुठला' याची कुजबुज होतेच. यावर उपाय मला सापडलेला नाही. ज्या मैत्रिणींनी आश्रमशाळांत, वसतिगृहांत असं काही करून पाहिलं असेल त्यांनी जरूर लिहावं.

त्या निवासी शाळेतून पुन्हा निरोप आला आहे. यावेळी मी विचारलं की चिठ्ठ्या न्यायच्या ऐवजी आमच्या मुलींना दोन देश मिळतील का, आणि मराठीत बोललं तर चालेल का, दुभाषी आम्ही आणू. बाई म्हणाल्या, समितीला विचारून कळवते. अजून कळवलेलं नाही.

आमच्या पुढच्या बैठकीचा विषय ठरला आहे: घरकामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०११चा करार, क्रमांक १८९. नेरळ-कर्जतच्या फार्महाऊसवर झाडलोट करणाऱ्या आणि सकाळच्या लोकलने बदलापूर-कल्याणला धुण्याभांड्याला जाणाऱ्या बायांच्या मुली आमच्याकडे आहेत, त्यांनीच तो निवडला. भारताने या कराराला अजून मान्यता दिलेली नाही. देश वाटून झाले. अकरा देश हां हां म्हणता गेले, ब्राझीलसाठी तर चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. भारत व्हायला मात्र कुणी तयार नाही. मागच्या वेळी जी भारत होती ती म्हणते, मी होते, पण कागद मी लिहिणार. तसं नियमात बसत नाही, असं नेपाळचं म्हणणं आहे. गेले दोन रविवार त्याच्यावरच भांडण चालू आहे.